ईईजीवर चालणारी बचावगाडी: यानातून दूरच्या सुटकेचा सराव कसा मांडावा

नोव्हेंबर २०१९मध्ये लुका पार्मितानो हा इटालियन अंतराळवीर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात बसून नेदरलँड्समधल्या एका हँगरातली गाडी चालवत होता. हातात दाब जाणवून देणारी जॉयस्टिक, आणि सिग्नल जाऊन परत यायला सुमारे ०.८ सेकंद. यानात माणूस, खाली यंत्र, मध्ये उशीर. दूरच्या सुटकेचा सांगाडा एवढाच असतो. जॉयस्टिकच्या जागी मेंदूच्या लहरी आणल्या की मात्र सगळी गणितं बदलतात. जॉयस्टिक चुकत नाही, चुकलाच तर ती धरणारा चुकतो. ईईजीत, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी मेंदूच्या विद्युत लहरी टिपताना, चालक बरोबर असला तरी यंत्र त्याला चुकीचं वाचू शकतं.

खाली दिलेली मांडणी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत चार जणांना उभी करता येते. एका खोलीत चालक, ते आपलं यान. दुसऱ्या खोलीत विटा-रेतीचा ढिगारा, त्यात अडकलेला पुतळा आणि चार चाकांची गाडी. गाडीने पुतळ्यापाशी पोचून पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली आणि चालू वॉकीटॉकी ठेवायची. २०२३च्या नोव्हेंबरात उत्तराखंडातल्या सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते. सहा इंची पाइप आरपार गेला तेव्हा त्यातून जेवण गेलं, एंडोस्कोपीचा कॅमेरा गेला, आणि बाहेरच्यांना ते पहिल्यांदा दिसले. ओढून काढणं नंतरचं. आधी पोचावं लागतं. आपली गाडी तेवढंच करते. सरावात ढिगाऱ्यात खरा माणूस ठेवायचा नाही आणि ही यंत्रणा खऱ्या सुटकेला न्यायची नाही.

कोणती लहर धरायची

मेंदूत इलेक्ट्रोड रोवून जे जमतं ते डोक्यावर घातलेल्या इलेक्ट्रोडच्या टोपीने जमत नाही, हे आधी मान्य करा. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रेनगेट प्रयोगात हातपाय लुळे पडलेल्या एका महिलेने ९६ इलेक्ट्रोडच्या रोपणाच्या जोरावर यांत्रिक हात हलवून बाटलीतली कॉफी प्यायली. ते शस्त्रक्रियेचं काम आहे. नुसत्या टोपीवर 'उजवा हात हलतोय' अशी कल्पना करूनही यंत्र चालवता येतं; २०१३मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने तसं क्वाडकॉप्टर उडवून दाखवलं. पण ती कल्पना जमायला बराच सराव लागतो आणि काहींना ती जमतच नाही.

म्हणून आपण एसएसव्हीईपी घेतो, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशाला मेंदू त्याच वेगाने देतो तो प्रतिसाद. सेकंदाला १२ वेळा लुकलुकणाऱ्या चौकोनाकडे पाहिलं की डोक्याच्या मागच्या भागात, जिथे दृष्टीचं केंद्र आहे, तिथे १२ हर्ट्‌झची आणि तिच्या दुपटीची, २४ हर्ट्‌झची, लहर उमटते. चार चौकोन चार वेगांनी लुकलुकवले की चालक कुठला पाहतोय ते कळतं. यात मनातले विचार वाचले जात नाहीत, फक्त लक्ष कुठल्या चौकोनावर आहे ते वाचलं जातं. त्यामुळे मेंदूकडून फक्त निवड मागा, चाकं फिरवायचं काम पूर्णपणे गाडीवर सोडा, आणि थांबणं तर कधीच मेंदूच्या भरवशावर ठेवू नका. खालची प्रत्येक रचना याच नियमातून आली आहे.

बसण्याआधी

चालकाला आधी तीन प्रश्न विचारा: अपस्मार (फिट्स) कधी आली आहे का, घरात कुणाला आहे का, लुकलुकत्या दिव्याने मायग्रेन होतो का. एकालाही 'हो' असेल तर त्याने चालक व्हायचं नाही, दुसरं काम घ्यायचं. हा सोपस्कार नाही. लुकलुकत्या प्रकाशाने झटका येण्याचा धोका १५ ते २५ हर्ट्‌झमध्ये सर्वांत जास्त असतो आणि गडद लाल रंगाने तो वाढतो. आपले सगळे चौकोन पांढरे-करडे, १५च्या खालचे, आणि जेमतेम ५ सेंटीमीटरचे.

दुसरं, केस. आदल्या रात्री शाम्पूने धुवायचे, कंडिशनर नाही, आणि तेल तर अजिबात नाही. चंपी करून आलेल्या डोक्यावर कितीही महाग पेस्ट लावली तरी इलेक्ट्रोड धड लागत नाही.

इलेक्ट्रोड कुठे आणि कसे

आठ चॅनेलचा बॅटरीवर चालणारा बोर्ड घ्या. ओपनबीसीआयचा सायटन या कामाला नेहमी वापरला जातो: एडीएस१२९९ चिप, २४ बिट, सेकंदाला २५० नमुने, लॅपटॉपशी बिनतारी जोडणी. बजेट कमी असेल तर अपसाइड डाउन लॅब्जची भारतात बनणारी बायोअँप ईएक्सजी पिल आर्डुइनोसोबत एका चॅनेलवर चालते. दोन निवडींपर्यंत ती पुरेल, पुढे दमते. बोर्ड कुठलाही असो, डोक्याला तार लागली असताना लॅपटॉपचा चार्जर भिंतीत नको. आधी सुरक्षेसाठी, आणि ५० हर्ट्‌झची घरघर त्याच वाटेने येते म्हणूनही.

जागा टेपने मोजा, अंदाजाने नाही. नाकाच्या वरच्या खोबणीपासून डोक्यावरून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर घ्या. ते ३५ सेंटीमीटर आलं तर उंचवट्याच्या वर १० टक्के, म्हणजे ३.५ सेंटीमीटरवर 'ओझेड', आणि २० टक्के, म्हणजे ७ सेंटीमीटरवर 'पीओझेड'. डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर असेल तर ओझेडच्या दोन्ही बाजूंना घेराच्या ५ टक्के, २.८ सेंटीमीटरवर 'ओ१' आणि 'ओ२'. उरलेले चार पीओझेडच्या ओळीत दोन्ही बाजूंना: पीओ३, पीओ४, पीओ७, पीओ८. संदर्भाचा इलेक्ट्रोड एका कानाच्या पाळीला, बायस (गोंगाट कमी करणारा इलेक्ट्रोड) दुसऱ्या. मधले तीन, ओ१, ओझेड आणि ओ२, सर्वांत जास्त काम करतात. वेळ कमी असेल तर त्यांच्यावर खर्च करा.

केस विंचरणीच्या टोकाने बाजूला सारा, त्वचा घासायच्या जेलने हलके घासा, रक्त येईल इतकं नाही. इलेक्ट्रोडच्या वाटीत पेस्ट थोडी वर येईल इतकी भरा आणि दाबून बसवा. इम्पिडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विद्युत अडथळा, १० किलोओहमच्या आत आणा. सात चॅनेल ठीक आणि एकच ४० दाखवतोय असं झालं तर तो काढून पुन्हा लावा. पेस्ट वरून थापल्याने शेजारच्या इलेक्ट्रोडशी पूल तयार होतो आणि दोघे एकच सिग्नल द्यायला लागतात.

सगळं लागलं की नव्वद वर्षांहून जुनी चाचणी करा. डोळे मिटले की मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्‌झच्या अल्फा लहरी वाढतात, हे हान्स बर्गरने १९२९पासूनच्या लेखांत नोंदवलं. चालकाला १० सेकंद डोळे मिटायला सांगा. पडद्यावर १०च्या आसपास उंचवटा आला, डोळे उघडताच बसला, तर जोडणी बरोबर. नाही आला तर पुढे जाऊ नका. काहींचा अल्फा मुळातच कमी असतो, पण नवख्यांच्या बाबतीत कारण बहुतेक वेळा कानावरची निसटलेली क्लिप असतं.

चौकोन

पडदा सेकंदाला ६० फ्रेमचा धरला तर जमणारे वेग ठरलेले आहेत. ९ फ्रेमचं चक्र म्हणजे ६.६७ हर्ट्‌झ, ८ म्हणजे ७.५, ७ म्हणजे ८.५७, ६ म्हणजे १०, ५ म्हणजे १२. विषम चक्रात एक फ्रेम इकडे-तिकडे जाते (५मध्ये ३ उजेड, २ अंधार), त्याने बिघडत नाही. चारचं चक्र १५ हर्ट्‌झ देतं. ते सोडा, कारण ते धोक्याच्या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आहे आणि शिवाय ७.५च्या बरोबर दुप्पट आहे.

वाटप असं: ७.५ डावीकडे, ८.५७ उजवीकडे, १२ पुढे, १० थांब किंवा रद्द. दहाला थांबच का? चालक थकला, पापण्या जड झाल्या की अल्फा वाढतो आणि तो १०च्या आसपासच असतो. यंत्र त्याला '१०चा चौकोन पाहिला' असं वाचतं. ही चूक टाळता येत नाही, तेव्हा तिचा परिणाम निरुपद्रवी करून ठेवायचा. १० हर्ट्‌झला 'पुढे' दिलेली गाडी चालकाच्या डुलकीवर ढिगाऱ्यात शिरते.

६.६७ फक्त 'हो, हेच' साठी राखून ठेवा. पुढच्या हिशेबात ते लागतं.

लॅपटॉप बॅटरीवर असल्याने एक सापळा आहे. काही लॅपटॉप बॅटरी वाचवायला पडदा ६०वरून ४८ फ्रेमवर आणतात. मग ५ फ्रेमचं चक्र १२ ऐवजी ९.६ हर्ट्‌झ होतं, आणि 'पुढे' पाहिलं तरी यंत्र 'थांब' वाचतं. उलट १४४ फ्रेमच्या गेमिंग पडद्यावर ६ फ्रेमचं चक्र १० ऐवजी २४ हर्ट्‌झ होतं, म्हणजे थेट धोक्याच्या पट्ट्यात. दर वेळी सुरू करण्याआधी प्रोग्रामने १० सेकंद फ्रेम मोजाव्यात आणि आकडा ६०च्या जवळ नसेल तर चौकोन लावूच नयेत.

डोळे पडद्यापासून ६० सेंटीमीटर. चौकोन चार कडांना, मध्ये गाडीच्या कॅमेऱ्याचं चित्र.

निवड कशी पक्की करायची

सिग्नल ५ ते ४० हर्ट्‌झमध्ये गाळा, ५०वर नॉच (तेवढाच वेग काढून टाकणारी गाळणी) ठेवा. २ सेकंदांची खिडकी, म्हणजे ५०० नमुने, दर अर्ध्या सेकंदाला पुढे सरकवा. प्रत्येक वेगासाठी साइन-कोसाइनच्या चार ओळी बनवा (मूळ वेगाच्या दोन, दुपटीच्या दोन) आणि आठ चॅनेलशी त्यांचा कॅनॉनिकल सहसंबंध, म्हणजे दोन्ही संच किती जुळतात तो आकडा, काढा. पायथनच्या सायकिट-लर्नमध्ये तो तयार मिळतो. साध्या एफएफटीवर (सिग्नल वेगवेगळ्या वेगांत फोडण्याची पद्धत) भागवू नका. २ सेकंदांच्या खिडकीत तिचे खाने अर्ध्या हर्ट्‌झचे असतात आणि ८.५७ दोन खान्यांत सांडतं.

सर्वांत मोठा आकडा तोच विजेता, असं केलं तर चालक कुठेही पाहत नसतानाही गाडी हलेल, कारण कुणीतरी सर्वांत मोठा असतोच. म्हणून आधी ६० सेकंद चौकोन लुकलुकते ठेवून चालकाला मधल्या चित्राकडेच पाहायला लावा. त्या मिनिटात प्रत्येक वेगाचा जो कमाल आकडा आला, त्याच्या वर उंबरठा. हा उंबरठा माणसागणिक आणि दिवसागणिक वेगळा असतो. कालचा आज वापरू नका. शिवाय पहिला दुसऱ्यापेक्षा निदान २० टक्क्यांनी मोठा हवा आणि सलग तीन खिडक्यांत तोच यायला हवा. रिकाम्या खिडकीपासून मोजलं तर निवडीला ३ सेकंद लागतात.

एवढं करून चारातून एकाची अचूकता ९० टक्के आली तर मंडळी खूश होतात. थोडं थांबून गुणाकार करा. सलग दहा निवडी बरोबर येण्याची शक्यता ०.९चा दहावा घात, ०.३५. तीन सरावांपैकी दोनांत गाडी कुठेतरी चुकीची वळणार. म्हणून दुसरी पायरी: निवड झाली की चित्रावर नियोजित पावलाचा बाण काढा, सगळे चौकोन १ सेकंद स्थिर करा, मग फक्त दोन चौकोन लावा, ६.६७ 'हो' आणि १० 'नको'. चुकीचं पाऊल आता दोन चुका एकामागोमाग झाल्या तरच सुटतं, ढोबळमानाने १ टक्का. दहा पावलं बिनचूक पडण्याची शक्यता ९० टक्क्यांवर जाते. किंमत वेळेची: ३ अधिक १ अधिक ३, एका पावलाला ७ सेकंद.

इथे दोन चुका हमखास होतात. 'हो'साठी १२ हर्ट्‌झच पुन्हा वापरला जातो. मग जी गडबड पहिल्यांदा १२ म्हणाली तीच दुसऱ्यांदा 'हो' म्हणते आणि खात्री नावापुरती उरते. आणि मधल्या सेकंदात जुने नमुने पुसले जात नाहीत, त्यामुळे आधीची नजर पुढच्या निर्णयात झिरपते.

उशीर

चंद्रापर्यंत सिग्नलला एका बाजूने सुमारे १.३ सेकंद लागतात. सराव त्यावरच करा. लिनक्सच्या नेटेमने जाळ्यात (नेटवर्कमध्ये) उशीर घालता येतो, पण तो बाहेर जाणाऱ्या डेटालाच लागतो. लॅपटॉप आणि गाडी दोन्हीकडे लावला नाही तर आज्ञा उशिरा जाते आणि चित्र मात्र ताजं येतं. तो खोटा सराव. गाडीवर दुरुस्तीसाठी लॉगिन करायची वाटही त्याच उशिरात अडकते, म्हणून तिच्यासाठी वेगळी केबल ठेवा.

आता हिशेब. चालक पाहतो ते चित्र १.३ सेकंद जुनं. निर्णयाला ७. आज्ञा पोचायला पुन्हा १.३. एकूण ९.६ सेकंद. १० सेंटीमीटर व्यासाचं चाक मिनिटाला ३० फेऱ्या फिरलं तर गाडी सेकंदाला १५.७ सेंटीमीटर जाते, म्हणजे चालकाने अडथळा पाहून थांब म्हणेपर्यंत दीड मीटर. म्हणून 'पुढे चालत राहा' अशी आज्ञाच ठेवू नका. एक आज्ञा, एक पाऊल: २० सेंटीमीटर पुढे किंवा १५ अंश वळण, आणि गाडी थांबली. १७ नोव्हेंबर १९७०ला चंद्रावर उतरलेल्या लुनोखोद या सोव्हिएत गाडीची पाच जणांची तुकडी पृथ्वीवरून अशाच थांबून-थांबून येणाऱ्या चित्रांवर गाडी हाकत होती. प्रज्ञानचंही तसंच, २७ ऑगस्ट २०२३ला ३ मीटर पुढे ४ मीटर व्यासाचा खड्डा दिसला तेव्हा मागे फिरण्याची आज्ञा द्यायला सवड मिळाली, कारण ती गाडी सेकंदाला एखादा सेंटीमीटर चालणारी होती.

आज्ञेसोबत ती ज्या चित्रावर ठरली त्या चित्राचा क्रमांक पाठवा. त्यानंतर गाडी हललेली असेल तर गाडीने आज्ञा नाकारावी. दोन आज्ञा वाटेत एकमेकींच्या मागे अडकून एकदम पोचल्या तर हाच क्रमांक गाडीला वाचवतो.

मंगळाचा उशीर (एका बाजूने ३ ते २२ मिनिटं) या पद्धतीने झेपणार नाही. तिथे चौकोन दिशांवर नाही, ठिकाणांवर लावावे लागतात, 'त्या फटीपाशी', 'त्या खांबाच्या डावीकडे', आणि वाट गाडीनेच शोधायची.

गाडी

रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय'), ३० आरपीएमच्या १२ व्होल्टच्या चार गिअर मोटरी, टीबी६६१२ मोटर-ड्रायव्हर, १८६५०चे तीन सेल बीएमएससह (सेलची राखण करणारं सर्किट). एल२९८एन ड्रायव्हर स्वस्त पडतो, पण दीड-दोन व्होल्ट स्वतःच खातो आणि तापतो. पायला मोटरींच्या सेलवरून वीज देऊ नका. चाक विटेला अडलं की व्होल्टेज दबतं आणि पाय रीबूट होतो. त्याला वेगळी ५ व्होल्टची पॉवर बँक द्या.

एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक समोर बसवा, ईको पिनला १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा व्होल्टेज-विभाजक घाला. पिन ५ व्होल्ट देते आणि पायला ३.३च चालतात. २५ सेंटीमीटरच्या आत काही आलं की पाऊल नाकारायचं. पण तिरक्या विटेवरून आवाज दुसरीकडे उडतो, पुतळ्याचे कपडे तो शोषतात, आणि सेन्सर 'मोकळं आहे' म्हणतो. म्हणून पुढे आडवी पट्टी आणि तिच्यामागे दोन मायक्रोस्विच हवेतच. रेतीत चाक जागेवर फिरतं, चाकाच्या फेऱ्या मोजणारा एनकोडर मात्र पुढे गेलो म्हणून सांगतो. वळणं एमपीयू६०५०च्या जायरोवर मोजा आणि पाऊल ३ सेकंदांत संपलं नाही तर थांबून कळवा.

बाटली-वॉकीटॉकीचा ट्रे सर्वोने (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) कलतो. सामान सुमारे ०.७ किलो, टेकूपासून ५ सेंटीमीटरवर, म्हणजे ३.५ किलो-सेंटीमीटर. १.८चा एसजी९० इथे नुसता थरथरतो. एमजी९९६आर घ्या. ट्रे कलवणं चालकाच्या निवडीत ठेवू नका; पट्टी पुतळ्याला टेकली आणि चालकाने 'पुढे'ला पुन्हा 'हो' म्हटलं की गाडीनेच तो कलवावा.

थांबायच्या चार वाटा, चारही ईईजीपासून स्वतंत्र: अडथळा, २० अंशांहून जास्त कल, लॅपटॉपची सेकंदाला पाच वेळा येणारी 'आहे' ही खूण १ सेकंद न येणं, आणि गाडीवरचा लाल इमर्जन्सी स्टॉप, जो थेट मोटरींची वीज तोडतो.

सराव

क्रम मोडू नका. आधी कीबोर्डवर बिनउशिराने, मग कीबोर्डवर उशिराने, मग ईईजीवर बिनउशिराने, शेवटी दोन्ही एकत्र. एकदम शेवटच्यावर उडी मारली तर काही बिघडल्यावर दोष डोक्यात, जाळ्यात की चाकात, ते सांगता येत नाही. चार मीटरला वीस पावलं, वळणं धरून तीस. एका पावलाला सुमारे ११ सेकंद धरले तर साडेपाच मिनिटं. नकार आणि पुनरावृत्ती धरून सात-आठ. वीस मिनिटांच्या वर चालकाला बसवू नका.

लाल बटणावर उभा असलेल्याने चालकाला काहीही सांगायचं नाही, 'जरा डावीकडे' सुद्धा नाही. त्याने फक्त बटण दाबायचं. ईईजी पाहणारा वेगळा, नोंद ठेवणारा वेगळा.

पुतळ्याच्या जागी खरा माणूस असता तर चालक त्याच्याशी बोलला असता, धीर दिला असता. तेही सरावात घ्या, कारण बोलताना जबड्याचे स्नायू इतका गोंगाट करतात की निवड बुडते. ३० हर्ट्‌झच्या वरची ताकद ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की निर्णय आपोआप बंद ठेवा आणि पडद्यावर 'बोलणं चालू' दाखवा. चालक गप्प झाला की २ सेकंदांनी खिडकी रिकामी करून पुन्हा सुरू. बोलायचं किंवा पाहायचं, एका वेळी एकच.

सलग तीन 'नको' आले, किंवा रिकाम्या नजरेत एकही निवड उंबरठा ओलांडून गेली, तर सराव थांबवा आणि ६० सेकंदांची नोंद नव्याने घ्या. बहुतेक वेळा पेस्ट सुकलेली असते.

संपलं की इलेक्ट्रोड लगेच कोमट पाण्यात धरा आणि मऊ ब्रशने पेस्ट काढा. सुकलेली पेस्ट नखाने खरवडली तर सोन्याचा मुलामा जातो. तारेचा जोड पाण्यात बुडवू नका, आणि वाट्या उताण्या वाळत ठेवा.